वरच्या मजल्यावरचं हळदीकुंकू

"पानी प्यालीस काय गो?" गोदाबायने जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकून विचारलं.

"नाय," सगुणा म्हणाली.

"चाय?"

"चाय पन नाय. काल रातीपासून काय नाय घेतला."

"मंग ये वर. नि चपला खालीच ठेव."

सगुणाने चपला काढल्या. घरच्या सुनेला वर घ्यायचं म्हणून आदल्या रात्रीपासून तहानलेलं ठेवायचं, हे ऐकून कुणालाही राग येईल. सगुणाला आला नाही. उलट तिला आनंद झाला होता, आणि या गोष्टीत सगळ्यात वाईट काय असेल तर तो आनंदच. पाच वर्षं ती याच इमारतीत राहत होती, तळमजल्यावर, पाण्याच्या पंपाला लागून असलेल्या खोलीत. या पाच वर्षांत 'वर ये' असं तिला घरातल्या कुणीही तोंडावर म्हटलं नव्हतं.

इमारत घरचीच होती. ठाकुर्लीला खाडीच्या अंगाला काळुराम पाटलांची भातशेती होती. शेती गेली, तिथे टॉवर आले, आणि पाटलांनी उरलेल्या जागेत स्वतःची चार मजली उभी करून दारावर काळुराम निवास अशी संगमरवरी पाटी लावली. वरचे मजले भाडेकरूंना आणि पहिला मजला घरच्यांना. काळुराम पाटील आता नव्हते. त्यांची बायको गोदाबाय, थोरला मुलगा धनेश, धाकटा प्रीतम आणि प्रीतमची बायको समृद्धी अशी माणसं पहिल्या मजल्यावर राहत. धनेश हा सगुणाचा नवरा. जिना उतरताना तो तिच्या दाराकडे बघायचा नाही. त्याने तिला एकदाच निरोप धाडला होता, कोरडी झालीस की वर ये.

कोरडी म्हणजे काय, ते सांगायला हवं.

सगुणाला पहिलटकरणीच्या कळा सुरू झाल्या त्या प्रीतमच्या हळदीच्या आदल्या दिवशी. दारात मांडव पडला होता, गल्लीत खुर्च्यांच्या थप्प्या लागल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी देवक बसायचं होतं. देवक बसायच्या आत घरात मूल जन्माला आलं तर सोयर लागतं. मग दहा दिवस घर विटाळात, कार्य बंद, मुहूर्त हुकलेला, वऱ्हाड माघारी. एकदा देवक बसलं आणि हळद लागली की मात्र काहीही झालं तरी लग्न अडत नाही. गोदाबायने हा हिशेब मनाशी केला आणि ठरवून टाकलं की मूल देवक बसल्यावर होईल. मुलाला कुणी विचारलं नव्हतं. सगुणाला मागच्या खोलीत निजवलं, दाराला बाहेरून कडी घातली, पाय जुळवून पड म्हणून सांगितलं आणि कुणाला कळू द्यायचं नाही अशी ताकीद दिली. पहिल्या खेपेला वेळ लागतोच, असं म्हणत गोदाबाय पाहुण्यांना चहा देत फिरली. दुसऱ्या दिवशी देवक बसलं. संध्याकाळी हळद लागली, डीजे सुरू झाला, आणि त्या आवाजात सगुणा किती ओरडली ते कुणालाच सांगता येत नाही. रात्री एकदाची गाडी काढली, तर मांडवाने गल्ली अडवलेली. दवाखान्यात पोचेपर्यंत पोरगा आतच गेला होता.

लग्न मात्र यथासांग पार पडलं. गोदाबाय हे अजूनही सांगते, आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावर समाधान असतं.

मूल फार वेळ अडकून राहिल्यामुळे सगुणाच्या मूत्राशयाला आतून भोक पडलं होतं. लघवीची नळी काढली तेव्हा ते कळलं. त्या दिवसापासून ती गळू लागली, बसता-उठता, झोपेत, जेवताना. घरात वास येतो म्हणून तिला तळमजल्यावर हलवलं. तिथे आधी पंपवाल्याचं सामान असायचं.

कोपरीतल्या एका संस्थेच्या रतनताईंना ती सापडली तेव्हा तिची चार वर्षं अशीच गेली होती. अशा बायांना शोधायचं, बाहेरून येणाऱ्या मोठ्या सर्जनकडून ऑपरेशन करून घ्यायचं, मग काही महिने ठेवून शिवणकाम शिकवायचं आणि एक मशीन देऊन घरी पाठवायचं, असा त्या संस्थेचा कार्यक्रम होता. कार्यक्रम चांगला होता, त्यात खोट काढायचं कारण नाही. सगुणाचं ऑपरेशन झालं, भोक बरंचसं बुजलं, थोडं राहिलं. सर्जन म्हणाले, एवढंसं आहे, पुढच्या खेपेला आलो की करून टाकू. ती पुढची खेप आता येत्या मार्चात होती. आता सगुणा आडवी असली की कोरडी असे. उभी राहिली, चालली, खोकली की गळायची. सगळ्यात जास्त गळायची ती पायाने मशीन चालवताना. आणि संस्थेने तिला जे एकच कौशल्य शिकवलं होतं ते हेच. ती मांडीखाली जुन्या साडीची घडी घेऊन शिवायची. हात मात्र सुरेख होता, चेन लावलेल्या तिच्या छोट्या पिशव्या कोपरीच्या प्रदर्शनात सगळ्यात आधी संपायच्या.

गेल्या आठवड्यात रतनताई खास तिला भेटायला आल्या. कार्यक्रमाला पैसे देणाऱ्यांनी पुण्याहून एक मॅडम पाठवल्या होत्या, कार्यक्रमाचं मूल्यमापन करायला. त्या तीन बायांच्या घरी जाणार होत्या आणि पहिलं घर सगुणाचं होतं. रतनताईंनी दार ओढून घेतलं आणि सरळ बोलल्या. सगुणा अहवालात 'बरी' म्हणून गेलेली आहे. मॅडमना ती ओली दिसली तर मदत थांबेल, आणि मग मार्चात सर्जनही येणार नाहीत, कुणासाठीच नाहीत.

"पन मी तर बरी नाय ना ताई," सगुणा म्हणाली.

"मला माहितीये गं. म्हणून तर तुझं नाव मी मार्चच्या यादीतपण टाकून ठेवलंय. इकडे पण आहेस, तिकडे पण आहेस. तू फक्त एक दिवस कोरडी राहा. एवढंच कर माझ्यासाठी."

बरी नसलेल्या बाईने बरं व्हायचं असेल तर आधी बरी आहे म्हणून सांगायचं. सगुणाला यात काही विचित्र वाटलं नाही. सासूने कळा थांबवून ठेवायला सांगितल्या होत्या, ताईंनी लघवी थांबवून ठेवायला सांगितली. निदान ताईंनी कडी बाहेरून घातली नव्हती.

मॅडम घरातल्या माणसांशी बोलणार, शेजाऱ्यांत उठबस आहे की नाही तेही बघणार, हे रतनताईंनी गोदाबायलाही सांगितलं. गोदाबायने उठबस दाखवायची ठरवली. संक्रांत होऊन गेली होती, हळदीकुंकवाचे दिवस होते. मॅडम येणार त्याच दुपारी तिने वरच्या हॉलमध्ये हळदीकुंकू ठेवलं, आळीतल्या बायकांना बोलावणी धाडली आणि वाण म्हणून सगुणाच्याच पिशव्या द्यायचं ठरवलं. संस्था बघणार आहे म्हटल्यावर पाटलांचं घर कमी पडलेलं तिला चालणार नव्हतं.

सगुणा जिना चढली. कठड्याला नवा रंग होता. हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या, सोफे भिंतीला सरकवले होते, आणि ज्या मागच्या खोलीत तिला निजवलं होतं तिथे आता समृद्धीच्या मुलीची खेळणी होती. सगुणा दाराशीच थांबली. मग समृद्धी आली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, तिथे नका बसू, मध्ये बसा. मॅडमना मध्ये दिसायला पाहिजे ना."

बायका आल्या. पहिल्या दोघीतिघी सगुणाला बघून दचकल्या, पण त्यांना आधी सांगून ठेवलेलं असावं, कारण त्या तिच्या जवळ येऊन बसल्या. एकीचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागला. पाच वर्षांत तिला डॉक्टरांच्या आणि रतनताईंच्या हाताशिवाय कुणाचा हात लागला नव्हता, गुडघा तर दूरच राहिला. ती हलली नाही. हललं तर ती बाई आपला गुडघा काढून घेईल अशी तिला भीती वाटली. जीभ टाळ्याला चिकटली होती, समोर ताकाचे पेले फिरत होते, आणि ती मान हलवून नको म्हणत होती.

मेघना मॅडम वेळेवर आल्या. साधी सुती साडी, खांद्याला झोळी, बोलणं गोड. रतनताई त्यांच्या मागे होत्या. मॅडम खुर्चीवर बसल्या नाहीत, सतरंजीवर सगुणासमोर मांडी घालून बसल्या, आणि सगुणाला त्या एकदम आवडल्या. वाईट माणसाशी खोटं बोलायला फारसं जड जात नाही. मॅडम चांगल्या होत्या म्हणून सगुणाला ते जड गेलं.

त्यांनी आधी घराची, आळीची चौकशी केली. मग जरा पुढे सरकून हलक्या आवाजात विचारलं, "सगुणाताई, आता पूर्ण कोरड्या आहात ना? अगदी मनापासून सांगा."

सगुणाने रतनताईंकडे पाहिलं. रतनताई तिळगुळाच्या वाटीत बघत होत्या.

"हाय," सगुणा म्हणाली.

"उठताना, चालताना, मशीन चालवताना, कधीच नाही?"

शेजारच्या बाईचा गुडघा अजून लागलेलाच होता. सगुणाने नाही म्हणून मान हलवली.

घरात कुणी वेगळं ठेवतं का, असं मॅडमनी विचारलं तेव्हा गोदाबायच पुढे झाली. "सून हाय माझी. लेकीवानी हाय. तिच्या हातच्या पिशव्या आज वानाला देतो आमी," असं म्हणून तिने सगुणाच्या पाठीवरून हात फिरवला. हात पाठीला पुरता टेकला नाही, पण मॅडमना ते दिसण्यासारखं नव्हतं. धनेशला आतून बोलावलं. तो आला, सगुणापासून हातभर अंतरावर उभा राहिला, आणि मॅडमच्या फोनकडे बघत म्हणाला की आता सगळं ठीक आहे, काही टेन्शन नाही. मग मॅडमना मशीनवर बसलेला फोटो हवा होता. प्रीतमने खालून मशीन वर आणलं. सगुणा पायपट्टीवर पाय ठेवून बसली, पोट आत ओढलं, श्वास कोंडला आणि फोटो होईपर्यंत रिकामी सुई चालवली. एक थेंब गळला नाही. गळायला पोटात पाणीच नव्हतं.

मॅडम खूश झाल्या. त्यांनी झोळीतून कागद काढले आणि रतनताईंना म्हणाल्या, "हे एक राहिलंच होतं. सगुणाताईंचं नाव बऱ्या झालेल्यांत आहे आणि मार्चच्या शस्त्रक्रियेतही आहे. दोन्हीकडे कसं?"

रतनताईंनी तोंडातला तिळगूळ गिळला. त्या वाईट बाई नव्हत्या. पण त्यांच्यामागे आणखी वीसेक बाया होत्या, एक भाड्याची जागा होती, आणि उत्तर लगेच द्यायचं होतं.

"टायपिंग मिस्टेक असेल मॅडम," त्या म्हणाल्या. "आमच्याकडच्या मुलीने कॉपी-पेस्ट केलेलं."

"मग काढते. तेवढीच एखाद्या गरजू बाईला जागा मिळेल." मॅडमनी पेनाने रेघ मारली आणि सगुणाकडे बघून हसल्या. सगुणाही हसली, कारण समोरचं माणूस हसलं की हसायचं एवढं तिला कळत होतं. मग ती रेघ कशावर मारली तेही कळलं.

तिने रतनताईंकडे पाहिलं. रतनताईंनी डोळ्यांनीच सांगितलं, आत्ता नको, नंतर बघू. सगुणाला हे नंतर ओळखीचं होतं. मागच्या खोलीत पडली होती तेव्हा दाराबाहेरून तिला हेच सांगत होते, जरा थांब, आता झालंच.

तोंड उघडून बोलायचं तर आजूबाजूला बायका होत्या. आताच तर त्या शेजारी बसल्या होत्या. बोललं की उठणार. न बोलता कळवायचा एकच रस्ता सगुणाला दिसला आणि तिने तो धरला.

"समृद्धी," ती म्हणाली, "मना पानी दे गो."

समृद्धीने पेला आणला. सगुणाने तो एका दमात संपवून पुढे केला. दुसरा प्याली. तिसऱ्यासाठी समृद्धी तांब्याच घेऊन आली. गोदाबाय बायकांना कुंकू लावत होती, ती हातातली कोयरी तशीच घेऊन वळली.

"ठेव तो पेला," ती दातातल्या दातात म्हणाली.

"तहान लागली, आय."

"ठेव सांगते ना."

सगुणाने तांब्या उचलून तोंडालाच लावला. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. मेघना मॅडमना ते बघून फार बरं वाटलं. सुरुवातीला या बाया पाण्याला घाबरतात, त्या रतनताईंना म्हणाल्या, पाणी मोकळेपणाने पिणं हीच बरं झाल्याची खूण. रतनताईंनी मान डोलावली. त्यांचा चेहरा उतरला होता.

सगुणाला आता फक्त वेळ हवा होता. पाणी काही पोटात गेलं की लगेच उतरत नाही. मॅडम उठायला लागल्या तेव्हा तिने त्यांचा हात धरला. पोहे खाल्ल्याशिवाय कशा जाल म्हणाली. पोहे झाले. चहा झाला. पुन्हा मॅडमनी घड्याळ बघितलं, तेव्हा ती म्हणाली की पहिल्यांदा घरी आलात, ओटी भरल्याशिवाय सोडणार नाही. मॅडम हे मानणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण मन मोडायचं नाही म्हणून बसल्या. सगुणाने ताटातला नारळ उचलला, आणि गोदाबायने तो तिच्या हातातून काढून समृद्धीच्या हातात दिला.

"तू नको. लेकुरवालीनं भरायची असते ओटी," ती हसत म्हणाली, आणि मॅडमही हसल्या. रीतभात असते प्रत्येक घराची.

कुणी वेगळं ठेवतं का, हे त्यांनी थोड्याच वेळापूर्वी विचारलं होतं.

समृद्धी ओटी भरत असताना सगुणा मोरीत गेली. खबरदारी म्हणून तिने साडीची घडी बांधली होती, ती सोडली आणि वाणाच्या उरलेल्या एका पिशवीत कोंबून चेन लावली. आता आड काही नव्हतं. बाहेर येऊन ती आणखी एक पेला पाणी प्याली, भिंतीला टेकून उभी राहिली आणि वाट बघू लागली. पाच वर्षं जे थांबावं म्हणून तिने नवस बोलले होते, ते लवकर यावं म्हणून ती आता डोळे मिटून उभी होती.

मॅडम निघाल्या. जिना उतरल्या. गाडी दारातच होती. बायका गॅलरीत आणि जिन्यात उभ्या राहिल्या, प्रत्येकीच्या हातात वाणाची पिशवी. सगुणा मॅडमच्या मागोमाग उतरली. हातात रिकामा पेला राहिला होता. शेवटच्या पायरीवर तिला ते जाणवलं, आधी मांडीला, मग पोटरीला, मग घोट्याशी. परकर चिकटला. साडीवर गुडघ्यापासून खाली काळपट ओल पसरली. ती गाडीच्या दारासमोर जाऊन उभी राहिली, दिसेल अशी.

मेघना मॅडमनी पाहिलं.

"अगं बाई, पाणी सांडलं बघा तुमच्या साडीवर," त्या म्हणाल्या आणि झोळीतून रुमाल काढून पुढे केला.

"हो, पेला होता ना हातात," रतनताई पटकन म्हणाल्या. "चला मॅडम, कल्याणला उशीर होईल."

मॅडम आत बसल्या, ड्रायव्हरने गाडी सुरू केली. सगुणाने हातातल्या पेल्याकडे पाहिलं, मग वर गॅलरीकडे पाहिलं. बायका कठड्याला टेकून बघत होत्या, धनेश दारात होता. एवढी उठाठेव करून शेवटी बोलावंच लागणार होतं.

"सांडला नाय मॅडम," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "माझाच हाय. मी बरी नाय. मी बरी झालीच नाय."

मॅडमनी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं.

"मग मघाशी का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "मी दोनदा विचारलं तुम्हाला, सगुणाताई."

"बाया बसल्या होत्या ना बाजूला."

मॅडमचे डोळे भरून आले, आणि ते खोटं नव्हतं. मग त्यांनी मांडीवर कागद घेतले. रतनताई खिडकीतून आत वाकून समजावू लागल्या, की ऑपरेशन तर झालंच आहे, एवढं पाणी प्यालं तर कुणालाही होतं, आणि बऱ्या झालेल्या बाईला सरळ बरी नाही म्हणून टाकलं तर पूर्ण अहवालच संशयात येईल. मॅडमनी ऐकून घेतलं, विचार केला आणि खोडून काहीतरी लिहिलं. सगुणाचा हात दाबून त्या म्हणाल्या की सगुणाताईंनी फार धीर दाखवला, असं खरं बोलणाऱ्या बायकांमुळेच काम सुधारतं. गाडी गेली. रतनताई कल्याणपर्यंत सोबत जाणार होत्या, पण चढण्याआधी त्या सगुणाच्या कानाशी थांबल्या.

"'अंशतः बरी' लिहिलंय तुला. अंशतःवाल्यांना ऑपरेशन नसतं गं. त्यांना समुपदेशन असतं, महिन्यातून एकदा." त्यांचा आवाज कापत होता, रागाने की कशाने ते कळलं नाही. "मी केलं असतं काहीतरी. एक दिवस गप्प बसली असतीस तर."

सगुणाला समुपदेशन म्हणजे काय ते माहीत होतं. एक मुलगी समोर बसते आणि मन मोकळं करा म्हणते.

ती वळली तेव्हा जिना मोकळा होत होता. बायका भिंतीच्या कडेने एकामागोमाग उतरल्या आणि तिला वळसा घालून गेल्या. जिचा गुडघा लागला होता तीही त्यांत होती, तिने पदर नाकाला लावला होता. वाण परत करायचं नसतं, म्हणून कुणी ते गोदाबायच्या हातात परत दिलं नाही. गेटशेजारच्या कठड्यावर ठेवून गेल्या, सगळ्या जणी. आधी एकीने ठेवलं, मग बाकीच्यांना जागा सापडली.

थोड्या वेळाने समृद्धी मशीन खाली आणायला प्रीतमबरोबर आली. प्रीतम मशीन टेकवून लगेच गेला. समृद्धी दारात घुटमळली. ती काही वाईट मुलगी नव्हती, आपल्या लग्नाची तारीख तिने काही पंचांगात स्वतः शोधली नव्हती.

"वहिनी, धनेशदादांनी सांगितलंय," ती खाली बघत म्हणाली, "की आता परत वर नका येऊ. म्हणजे, कधीच."

"बरा," सगुणा म्हणाली.

वर गोदाबाय सतरंज्या धूत होती. जिच्यावर सगुणा बसली होती तेवढीच नव्हे, सगळ्याच. फिनेलचा वास खालपर्यंत आला. धुतलेल्या सतरंज्या तिने कठड्यावर वाळत टाकल्या, आणि त्यांचं पाणी टपटप सगुणाच्या दारापुढे पडू लागलं.

दिवस कलला तशी सगुणा बाहेर गेली आणि कठड्यावरच्या पिशव्या ओच्यात घेऊन आली. एकेक झटकली. काहींत तिळगूळ तसाच होता. एकीची चेन अडकत होती, तिने ती उसवून नीट लावायला घेतली. मशीनवर बसली, पाय पट्टीवर ठेवले आणि या खेपेला पोट आत ओढलं नाही, खाली घडीही घेतली नाही. मशीन चाललं. पायपट्टी ओली झाली, जमीन ओली झाली, शिवण सरळ आली.

ती एक पिशवी पुरी झाल्यावर तिला तहान लागली. सवयीने तिने आधी विचार केला, की आता प्यालं तर कधी येईल, कुठे येईल, कोण असेल. मग तिने माठातून पेला काठोकाठ भरला आणि सावकाश, मध्ये कुठेही न थांबता, सगळा प्याली.